वेठ, इर्जिक आणि एक दगडी भिंत

मोबदला न घेता केलेल्या कामाला मराठीत निरनिराळी नावे आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. वेठ म्हणजे नकाराची सोय नसलेले काम. इर्जिक म्हणजे एकाची नांगरट उरकावी म्हणून इतरांनी आपापले बैल घेऊन यायचे आणि काम संपल्यावर त्याच्याच घरी जेवून जायचे. सावडीत आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, असा कोठेही न लिहिलेला हिशेब असतो. श्रमदान हा सभांत आणि अहवालांत शोभणारा शब्द. त्यातला देणारा नेहमी थोडा वरच्या पायरीवर उभा असतो. चर्चमध्ये या साऱ्यांऐवजी 'सेवा' म्हणतात. हे शब्द मी वर्गात अनेकदा शिकवले आहेत. पण त्यांच्यातले अंतर किती आहे, ते आमच्या मंडळीच्या पुरुष मंडळाबरोबर दगड रचताना ऐकायला मिळाले.

पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले ते १८३१ साली. 'ज्ञानोदय' तेथूनच १८४२ मध्ये निघू लागला. आमची मंडळी त्याच परंपरेतली, लहानशी. मुलांचे उन्हाळी शिबिर जेथे भरते ती जागा गावाबाहेर माळावर आहे. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक विहीर, एक चिंच आणि पावसाळ्यात हटकून कोसळणारी दगडी कुंपणभिंत. शिबिरापूर्वीच्या एका शनिवार-रविवारी पुरुष मंडळातले वीस-बावीस जण तेथे जाऊन डागडुजी करतात. शिक्षक, बँकेतले कारकून, निवृत्त एस. टी. कर्मचारी, दोन रिक्षावाले, एक परिचारक. पाळकही येतात आणि चुना कालवतात. गाणी म्हणायची तर 'उपासना-संगीता'तली म्हणावीत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात किशोरकुमार चालतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना मी कॉलेजातर्फे अनेकदा गेलो आहे. तेथे विद्यार्थ्याचे वर्षाचे १२० तास भरावे लागतात आणि शेवटी प्रमाणपत्र असते. येथे तास कोणी मोजत नाही. अर्थात पैसे मोजणारा एक जण असतोच. बँकेतल्या एका सदस्याने टेम्पोचे डिझेल, किराणा आणि मटण यांची बेरीज करून दाखवून दिले, की एवढ्या पैशांत शेजारच्या गावातले मजूर लावले असते तर भिंत अधिक सरळ झाली असती आणि त्यांच्या हातात मजुरीही पडली असती. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. हौशी श्रम कोणाच्या तरी पोटावर येऊ शकतात, याचा विचार श्रमदानाचे गोडवे गाणारे सहसा करीत नाहीत. त्यामुळे आता त्या गावचा गवंडी आणि दोन बायका रोजाने घेतल्या जातात. आम्ही त्यांच्या हाताखाली राबतो.

बायबलात या विषयावर एक विलक्षण प्रकरण आहे. इ. स. पूर्व ४४५च्या सुमारास पारसच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या यरुशलेमेला येतो आणि पडलेला गावकोस बांधायला घेतो. त्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय म्हणजे केवळ यादी आहे : कोणी कोणता भाग दुरुस्त केला. वाचणारे तो बहुधा गाळतात. मला तो फार आवडतो. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा घेतला आहे. एका अधिकाऱ्याच्या मुलीही कामावर होत्या. (आमच्या महिला मंडळाने याकडे लक्ष वेधल्यावर पुरुष मंडळाने विषय बदलला.) तकोवाच्या सरदारांनी मात्र कामाला मान वाकवली नाही, अशीही नोंद आहे. कोट ५२ दिवसांत उभा राहिला. परंतु त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात गरिबांची ओरड आहे, की शेते गहाण पडली, मुले दास्यात गेली. सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या सरदारांकडून शेते परत करण्याचे वचन घेतो. भिंत आणि कर्ज एकाच कथेत आले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आमच्यातले सर्वांत वडील सदस्य अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सारे त्यांना नाना म्हणतात. एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. शनिवारी त्यांच्याइतके काम कोणी करीत नाही. थोराड दगड आम्ही बसवायचे, आणि सांधा सांध्यावर येत नाही ना हे पाहून फटींत चिपा ठोकायच्या त्यांनी. रविवारी सकाळी चिंचेखाली उपासना झाली की उरलेले काम पुन्हा सुरू होते. शब्बाथाचा प्रश्न निघतो, कोणीतरी विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला देतो आणि टिकाव उचलले जातात. नाना मात्र हात लावीत नाहीत. कांदासुद्धा सोलीत नाहीत. जुन्या वळणाचा माणूस, असे आम्ही समजत होतो.

त्या शनिवारी उन्हे उतरताना चिपा ठोकता ठोकता नाना बोलू लागले. त्यांचे वडील लहानपणीच ख्रिस्ती झाले होते, पण धर्म बदलला म्हणून गावकी सुटली नव्हती. टपाल पुढच्या गावी पोचवणे, फिरतीवरच्या अंमलदाराची सरबराई, वाड्यावरची लाकडे. एका रविवारी उपासना चालू असताना पाटलाचा माणूस दारात येऊन उभा राहिला आणि त्याने वडिलांना नावाने हाक मारली. एकेरी. वडील उठले, पोराला तेथेच बसवून निघून गेले. "कुणी मान वर करून बघितलं नाही," नाना म्हणाले, "गाणं तसंच चालू राहिलं." मग त्यांनी माझ्याकडे आणखी एक चिप मागितली.

बाबासाहेबांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले ते १९२८ साली. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ मध्ये. नाना तेव्हा अकरा वर्षांचे असतील. या दोन सालांमधली तीस वर्षे मी इतिहासाच्या पुस्तकात वाचली होती. भिंतीच्या पलीकडे नानांचा मुलगा माल कालवीत होता. त्याचे फावडे थांबलेले होते. पन्नाशीच्या त्या माणसाने हे पूर्वी ऐकले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जागेचे एक विश्वस्त मोटारीने आले. सावलीत उभे राहून त्यांनी दोन-चार सूचना केल्या, आणि मग हसतहसत म्हणाले, "काय नाना, बसलात? लावा की जरा हात. देवाचंच काम आहे."

"आज रविवार आहे, साहेब," नाना म्हणाले.

नानांचा मुलगा उठला आणि एक घमेले आणून त्याने विश्वस्तांच्या पायांशी ठेवले. अगदी अदबीने. त्यांनी ते उचलले. जेवणाची हाक येईपर्यंत उचलत राहिले, हेही सांगितले पाहिजे.

वार्षिक अहवालासाठी चार ओळी लिहून द्या, असे पाळकांनी मला सांगितले होते. मी नहेम्याच्या धर्तीवर यादीच केली. गवंडी आणि त्या दोघी बायकाही तीत आहेत. नानांच्या नावापुढे शनिवारी 'फाटकापासून चिंचेपर्यंत' असे लिहिले आणि रविवारच्या रकान्यात 'सुट्टी'.