रस्त्याचा हक्क

आपल्या घरांत हक्कांची चर्चा पुष्कळ होते. आईवडिलांचा हक्क, शेजाऱ्याचा हक्क, वारशात मुलीचा हक्क. रस्त्याचाही हक्क असतो, हे मात्र मुलांना फारसे कोणी सांगत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यावर बसण्यास मनाई केली. आम्हाला बसायला दुसरी जागा नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा रस्त्याचा हक्क अदा करण्याची अट घातली गेली. नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचे सांगणे आणि वाईटापासून रोखणे, हा तो हक्क.

आणखी एक शिकवण आहे: स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा. जो उंचावर बसला आहे, ज्याच्या हाती वेग आहे, त्याने आधी झुकावे. वाहतुकीचे सारे सौजन्य मला या एवढ्याशा गोष्टीत दिसते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर थांबायचे कोणी? कायदा म्हणतो, उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणे अवघड असते. ज्याला थांबणे सोपे, त्याने थांबावे, इतका सरळ हा न्याय आहे.

खाली सपाटीवर आलो की हा न्याय आपण विसरतो. ज्याची गाडी मोठी आणि हॉर्न कर्कश, त्याचा रस्ता! बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बाया डोक्यावर ओझे घेऊन एकामागे एक चालत येतात. डांबराच्या कडेची वीतभर मातीच त्यांच्या वाट्याला येते, आणि मोटारसायकलवाले तीही सोडत नाहीत.

माझे अब्बा सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून शहादा तालुक्यातले आठवडे बाजार करायचे. उसाच्या हंगामातली एक संध्याकाळ. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि समोरून भगभगीत दिव्यांची गाडी. कोणीच वेग कमी केला नाही. अब्बा सायकलसह चारीत पडले. दोन्ही गाड्या निघून गेल्या. मगरिब झाली, इशा झाली, अम्मी दारातच उभी होती. बाजारातून पायी परतणाऱ्या काही भिल्ल बांधवांनी अब्बांना उचलून दवाखान्यात पोहोचवले होते. ज्यांना रस्त्यावर कोणी जागा देत नाही, तेच थांबले. अब्बांचे उजवे मनगट मोडले होते. ते पुढे पूर्वीसारखे वळले नाही, आणि बायकांच्या हातात बांगड्या भरण्याचे काम सुटले. त्या दिवशी दोघांपैकी एकाने क्षणभर ब्रेक दाबला असता, तर आमच्या घराची रोजी गेली नसती.

म्हणून भगिनींनो, घरातल्या मुलाला गाडीची चावी देताना परवान्याइतकेच हेही विचारावे. समोरून सायकल दिसली की दिवा खाली करतोस का? रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी थांबतोस का? जुम्याच्या नमाजला मशिदीसमोर आडवीतिडवी गाडी लावून कोणाची वाट तर अडवत नाहीस ना? रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 2019च्या दुरुस्तीनुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पायी चालणाऱ्या बाईसाठी वेग कमी केला की नाही, हे पाहायला दर वळणावर पोलीस उभा नसतो.

वाटेतला त्रासदायक दगड किंवा काटा बाजूला करणे हा सदका आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. गर्दीत भरधाव सुटलेली आपली गाडीही कोणासाठी तरी तो दगडच असते. ब्रेक आपल्या पायाखाली आहे. तो दगड आपणच दूर करायचा आहे.