आमच्या आडाचें पाणी

चांदवडास आमचा जुना वाडा आहे आणि त्या वाड्याच्या परसांत एक आड आहे. घराण्यांत कोणीं मोठा पराक्रम केल्याचें ऐकिवांत नाहीं. जमीन होती ती कूळकायद्यांत गेली. तेव्हां अभिमान बाळगावा असें जें कांहीं उरलें, तें या आडाचें पाणी. मुंबई-आग्रा रस्त्यानें जाणारा पाहुणा वाड्यांत शिरला कीं चहाच्या आधीं त्याच्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवावयाचा, आणि "वा! काय गोड पाणी!" असें तो म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें, हा आमच्या तीन पिढ्यांचा परिपाठ. सातमाळ्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आणि पावसानें नेहमींच हात आखडता घेतलेल्या या गांवीं वैशाखांतही ज्याच्या आडाला पाणी, त्याचें नाक थोडें वर असणारच.

या पाण्याचें पावित्र्य राखण्याचें काम आमच्या थोरल्या काकूंकडे. वय ऐंशीच्या पुढें. पण पहांटे सोवळ्यानें स्वतः रहाट ओढून त्या देवाचें व पिण्याचें पाणी भरीत आणि दुहेरी फडक्यांतून गाळून तांब्याच्या घागरींत ठेवीत. शेजारच्या वाडीवरून येऊन चाळीस वर्षें आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंना त्या रहाटाला हात लावण्याची मुभा नव्हती. त्यांना पाणी वरून ओतून मिळे. हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत वावगें आहे असें मनांत येऊनही आम्हीं कधीं तोंड उघडलें नाहीं.

पावसाळा लागला कीं घरांतील मुलांना जुलाब होत. दोष बाजारांतल्या भेळेचा, नाहीं तर गांवच्या नळाचा. नळाचें पाणी म्हणजे कोणाकोणाचे हात लागलेलें, अशी काकूंची ठाम समजूत. २०२२ च्या श्रावणांत आमचा धाकटा नातू चार दिवस इस्पितळांत होता. तेव्हांही बोल लागला तो नळालाच.

त्याच वर्षीं गणपतीला आमची पुतणी आली. ती रसायनशास्त्र शिकते. तिनें पिशवींतून कांचेच्या दोन लहान बाटल्या काढल्या. प्रत्येकींत कागदाची एक वाळलेली पट्टी. १९८२ सालीं ग्वाल्हेरच्या संरक्षण-प्रयोगशाळेंतील मंजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनीं ही परीक्षा प्रसिद्ध केली. विष्ठेबरोबर पाण्यांत उतरणारे कांहीं जंतु हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु निर्माण करतात. पट्टींतल्या लोहक्षाराशीं त्याचा संयोग झाला कीं पाणी काळें पडतें. खुणेपर्यंत पाणी भरावयाचें, आंत बोट लावावयाचें नाहीं, आणि उबेच्या जागीं एकदोन दिवस ठेवावयाचें, एवढेंच काम.

"अगं, माझ्या पाण्याची परीक्षा घेतेस?" काकूंनीं विचारलें.

"नाहीं हो काकूआजी, बाटलीची घेऊं या," असें म्हणून तिनें एक बाटली आडाच्या पाण्यानें आणि दुसरी नळाच्या पाण्यानें भरली. भांडीं घासतां घासतां बाई तिकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, आमच्या सुनंकडं हायती असल्या बाटल्या. शाळंतल्या हापशाचं पाणी तपासती ती." २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे, बाईंची सून त्या पांचांपैकीं एक! आम्ही पदवीधर माणसें. आमच्या घरीं ही विद्या येईतों ती वाडीवर जाऊन पोंचली होती.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आडाची बाटली शाईसारखी काळी झाली. नळाची होती तशीच राहिली.

काकूंनीं पुतणीवर शाई घातल्याचा आरोप केला. मग स्वतः सोवळ्यानें, नव्या बाटलींत, स्वतःच्या हातानें पाणी भरलें आणि बाटली देवघरांत, स्वतःच्या नजरेखालीं ठेवली. ती तर पहिलीहून लवकर काळी पडली.

कारण शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. १९८४ सालीं आमच्या वडिलांनीं परसांत नवा संडास बांधला, तेव्हां त्याचा शोषखड्डा जेथें जागा होती तेथें खणला. टेप लावून मोजलें तों आडापासून बावीस फूट, आणि तोही चढाच्या बाजूस! अशा खड्ड्यापासून विहीर निदान पन्नास फूट दूर असावी, असें सांगतात. आमच्याकडची जमीन काळ्या पाषाणाची. वर मुरूम, खालीं भेगाळलेला खडक. पावसाळ्यांत भूजल वर चढतें आणि खड्ड्यांतली घाण भेगांतून सरळ आडांत उतरते. म्हणजे ज्या पाण्याला परक्याचा हात लागूं नये म्हणून एवढा कडेकोट बंदोबस्त, त्यांत आमच्याच घरची विष्ठा जवळजवळ चाळीस वर्षें झिरपत होती.

त्या रात्रीं आम्हांला महाडची आठवण झाली. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं रावबहादुर बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. त्या हक्कानें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें प्राशन केलें. तळें 'बाटलें' म्हणून मागाहून दहीं, दूध, शेण व गोमूत्र घातलेल्या घागरी मंत्रोच्चारांसह त्यांत बुडविण्यांत आल्या! हें करणारे भिक्षुक आमच्याच जातीचे. माणसाची ओंजळ अशुद्ध आणि शेण शुद्ध, हा हिशेब आम्हांला इतिहासांतला वाटत आला होता. तो आमच्या परसांत चालूच होता.

काकू दोन दिवस फारशा बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं पुतणीला विचारलें, "मग माझें फडकें फुकटच म्हणावयाचें?"

या प्रश्नाचें उत्तर मात्र काकूंच्या बाजूचें निघालें. होळकरांच्या रंगमहालांत बारव आहे ती चांदवडकरांना सांगावयास नको. अशा पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाण्यांत उतरून भांडें भरीत. नारूच्या रोग्याचा पाय पाण्यांत बुडाला कीं जखमेंतून नारूचीं पिलें पाण्यांत सुटत, तीं एक बारीक जलकीटक गिळी, आणि तें पाणी पिणाऱ्याला वर्षभरानें नारू होई. हा कीटक दुहेरी फडक्यांत अडकतो. नारूनिर्मूलनाच्या मोहिमेंत पायविहिरी बदलून आडासारख्या करणें आणि पाणी गाळून पिणें हेच मुख्य उपाय होते. १९९६ नंतर देशांत नारूचा रोगी आढळला नाहीं. पण जुलाबाचे जंतु फडक्यांतून सहज पार होतात. तांब्याच्या घागरींत पाणी रात्रभर राहिलें तर त्यांतले पुष्कळ मरतात, हेंही प्रयोगांनीं दिसून आलें आहे; आमच्याकडे घागर भरावयाचा अवकाश, कीं पाणी पोरांच्या पेल्यांत!

दसऱ्याच्या सुमारास शोषखड्डा बुजवून दूर उताराकडे नवा खणला. आडाचा कठडा वाढविला. हजार लिटरला पांच ग्रॅम या हिशेबानें ब्लीचिंग पावडर पाण्यांत कालवून, वरची निवळ आडांत सोडली. कार्तिकांत बाटली पुन्हां काळी, पौषांत स्वच्छ, २०२३ च्या पहिल्या जोराच्या पावसानंतर परत काळी. जमिनीनें चाळीस वर्षें जें पोटांत घेतलें, तें ती एका वर्षांत थोडेंच सोडणार! शिवाय प्रयोगशाळेच्या अहवालांत नायट्रेट निघालें, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर. तें मैल्यांतूनही येतें, शेतांतल्या खतांतूनही येतें, आणि पाणी उकळून जात नाहीं. उलट आटतांना वाढतें. तान्ह्या मुलांना तें विशेष घातक. तेव्हां पिण्यास आडाचें पाणी बंद केलें. घरांत नळाचें पाणी आलें आणि त्याबरोबर क्लोरीनचा तो वास, ज्याला काकू अजून नाक मुरडतात. तो वास म्हणजेच नळाच्या पाण्याची राखण, हें त्यांना पटलें आहे, आवडलेलें नाहीं.

देवाचें पाणी मात्र त्या अद्याप आडाचेंच घेतात. पुतणीनें हटकलें, तर म्हणाल्या, "देवाला जुलाब होत नाहींत." यावर विज्ञानाला कांहीं बोलतां आलें नाहीं.

दर तीन महिन्यांनीं बाटली भरण्याची तिथि काकू कालनिर्णयावर स्वतः लिहून ठेवतात. त्यांचे हात आतां कांपतात, त्यामुळें गेल्या खेपेस रहाट बाईंनीं ओढला. काकू शेजारीं उभ्या राहून, बोट आंत लागूं देऊं नका, एवढेंच सांगत होत्या, आणि बाई म्हणत होत्या, "म्हाईत हाय, काकू. सुनंनं शिकविलंय."