चौदा नावं

आशाताईंनी वही उघडली. "घरातले सोडून आणखी कुणाजवळ रोज बसत होतास? बंद जागेत?"

मी चौदा नावं सांगितली. सगळी भजनी मंडळातली.

मी तेरचा. गोरोबाकाकांचं तेर, तेरणेच्या काठचं. आमच्या गल्लीतल्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, एकादशीला जागर. नववीत असल्यापासून तिथला पखवाज माझ्याकडे. मागच्या पावसाळ्यात खोकला लागला. एका डॉक्टरांनी दोन महिने नुसत्या बाटल्या बदलून दिल्या. मग एका सकाळी बेडक्यात रक्त दिसलं.

आणि मी तीन आठवडे गप्प बसलो. ताईला बघायला पाहुणे येणार होते. ज्या घरात टीबी, त्या घरात सोयरीक कोण करणार? तोंडाला उपरणं लावून खोकायचो आणि परत थाप मारायचो. शेजारी सत्तरीतले वीणेकरी उभे असायचे.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात निदान झालं तेव्हा वजन एक्केचाळीस किलो होतं, फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं. ते सुईनं काढलं. सहा महिन्यांचा कोर्स : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही, हेही सांगितलं.

वहीतल्या नावांनी मात्र झोप उडवली. माझ्यामुळं चौदा माणसं टेम्पोत बसून एक्स-रे काढायला गेली. पेरणीच्या दिवसांत. चार दिवस मी फोनला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी अंगणात टाळ वाजले. लिंबाखाली सतरंजी टाकून सगळे बसले होते. मी खोलीत, मास्क लावून, खिडकी उघडी. बुवा तिथूनच ओरडले, "काय करलालास रे पडून? आमचे फोटू चांगले निघाले. सगळ्यांचे." मला बोलता येईना. हरिपाठ सुरू झाला. देवळातला संपवून मग इकडं यायचे, आठवड्यातून दोनदा, कोर्स संपेपर्यंत. गल्लीला जे कळायचं ते त्या टाळांनी कळलंच. आईनं आठवडाभर पदर तोंडावर ओढून पाणी भरलं. आलेले पाहुणे परत गेले, हेही खरं. ताई त्याबद्दल मला आजवर एक शब्द बोललेली नाही.

डॉक्टर म्हणाले, अंडी खा. आमचं घर माळकरी, चुलीवर अंडं चढणं शक्य नाही. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशेच होते), पण उकडणार कोण? बुवांनी हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलं. त्याचा पोरगा रोज दोन उकडलेली अंडी कागदात बांधून खिडकीत ठेवायचा. पैसे कोण देतं विचारलं तर म्हणायचा, "हरिपाठवाले." गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसांनी अंड्यांची वर्गणी काढली होती. हे लिहिताना मला अजून हसू येतं आणि लगेच दुसरंही काहीतरी येतं.

त्या काळात मोबाइलवर कुमार गंधर्व ऐकले. १९४८ साली क्षय झाल्यामुळं ते हवापालटासाठी देवासला गेले, एक फुप्फुस निकामी झालं, कित्येक वर्षं गाणं बंद. पडल्या पडल्या खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं त्यांनी कानात साठवली. त्यांची बरोबरी करायची नाही; मला फक्त ती खिडकी ओळखीची वाटली.

माझ्या जागी एक सातवीतला पोरगा वाजवत होता. खिडकीतून त्याचे चुकलेले ठेके ऐकून मी पलंगावर बोटं आपटायचो. जळत होतो, खरं सांगायचं तर.

कोर्स संपला, थुंकी साफ आली, आणि एका एकादशीला देवळात गेलो. पोरगा न सांगता उठून टाळ घेऊन बसला. बुवांनी मळलेल्या कणकेचा गोळा पुढं केला. मी धुमावर लावला, थाप मारली. तिसऱ्या अभंगाला लय चढली आणि माझा श्वास पुरेना. मान खाली घालून ओढत होतो.

कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. टाळ हळूहळू उतरत आले. आधी वीणेकऱ्यांच्या बाजूचे, मग समोरचे, शेवटी त्या पोराचाही.