आतून कडी लागते का?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक जुना टीअरड्रॉप ट्रेलर विकत घेतला. हे कळल्यावर चळवळीतल्या काही मित्रांनी विचारले, "समाज कुठे आहे आणि तुम्ही कुठे? ही कसली हौस?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जाहीरपणेच देत आहोत.

आम्ही दोघे नवरा-बायको अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतो. टीअरड्रॉप म्हणजे कारमागे जोडायची, थेंबाच्या आकाराची छोटी पेटी. आत दोघांना झोपता येते, उभे राहता येत नाही. मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा. आमचा ट्रेलर पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे.

विकणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. आम्ही स्क्रूड्रायव्हरने प्लायवूड टोचून पाहिले. मागच्या झाकणाच्या बिजागरीखाली ते भिजून मऊ पडले होते. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत होती, पण टायर अकरा वर्षांचे निघाले. आजोबांनी वाद न घालता किंमत कमी केली आणि चहा पाजला. लहानपणी उन्हाळ्यात ते आजीकडे दक्षिणेत जात. वडील रात्रभर गाडी चालवत. डबा घरचा, लघवीला झुडूप. वाटेत मोटेल होती, पण त्यांच्यासाठी नव्हती. "म्हणून नोकरी लागल्यावर मी स्वतःचं छप्पर ओढत नेलं," ते म्हणाले.

असे ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात लोकप्रिय झाले. मासिकांतले नकाशे पाहून लोक ते घरीच बांधत. त्याच दशकात, १९३६ साली, हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 'ग्रीन बुक' काढले. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. रस्ता एकच, पण कोणी मौजेने झोपायचे आणि कोणी जीव मुठीत धरून, हे वर्ण ठरवत होता. हॉटेलांचे दार कायद्याने उघडायला १९६४ साल उजाडावे लागले.

आम्हांला हे नवीन नव्हते. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ज्याच्याकडे विद्या होती, नोकरी होती, त्याच्याकडे रात्रीचे छप्पर नव्हते. जात माणसाची भाकरी हिसकावते तशी झोपही हिसकावते.

मग दोन महिने शनिवार-रविवार काम केले. कुजलेले प्लायवूड कापून नवे बसवले, सांध्यांना ब्युटाइलची पट्टी लावली. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले, टायर बदलले. छताला बारा व्होल्टचा पंखा लावला, कारण दोघांच्या श्वासाने सकाळपर्यंत भिंती ओल्या होतात. पहिल्यांदा सगळे सामान मागच्या ओट्यात कोंबले आणि हमरस्त्यावर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागला. तेव्हा धडा मिळाला: एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, कारच्या कडीवर पडायलाच हवा.

सगळे झाल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. आईने सोळा हंगाम ऊस तोडला आहे. मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की गाव सोडायचे. फडाजवळ बांबू-पाचटाची कोपी, दाराच्या जागी गोधडी. लहानपणीची आमची झोपही त्याच कोपीत झाली. आम्हांला वाटले, आई म्हणेल, "बापजाद्यांनी उघड्यावर दिवस काढले, तुम्ही शिकून पुन्हा तेच करता?" ती तसे काहीच म्हणाली नाही. बराच वेळ पाहत राहिली आणि तिने एकच विचारले, "आतून कडी लागते का?"

लागते. दोन्ही दारांना लागते.

आईने सोळा हंगाम कडीशिवाय रात्री काढल्या. कोयता उशाला ठेवून बायका आळीपाळीने जागत, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

मित्रांनो, आमचे उत्तर हेच. आमची पेटी आईच्या कोपीपेक्षा फार मोठी नाही. पण आम्ही उतरतो त्या सरकारी उद्यानात नळ आहे, संडास आहे, दिवा आहे, हाकेला येणारा पहारेकरी आहे. मनात येईल तेव्हा आम्ही घरी परतू शकतो. आई परतू शकत नव्हती, उचल फिटलेली नसे. फरक छपराच्या आकाराचा नाही, हक्काचा आहे. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांनी उघड्यावरच्या झोपेला 'साधेपणा' म्हणू नये. निवडलेला असतो तो साधेपणा; लादलेला असतो तो अन्याय.

आमच्या हौसेचा हिशोब जरूर मागा. पण साखर पोत्यात भरणाऱ्या प्रत्येक कारखान्यालाही विचारा: तुमच्या फडावर नळ आहे का? संडास आहे का? आणि बाईच्या दाराला आतून कडी लागते का?

जयभीम.