टो शून्य, कॅम्बर दीड

माझ्या अबार्थ पुंटोचे पुढचे टायर बाहेरून पाहिले तर नव्यासारखे दिसत. पण स्टिअरिंग पूर्ण वळवून तळहात आडवा फिरवला की खरी परिस्थिती कळे. आतून बाहेर हात नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत नेला की रबराच्या कडा बोटांना ओरबाडत. आतली कड तर घासून पार सपाट झालेली. जिथे दाखवलं तिथे एकच उत्तर मिळालं: "कॅम्बर आहे ताई, आतून खाणारच. टायर बदला."

मला ते पटत नव्हतं. ही गाडी २०१५ साली बाजारात आली, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून. १४५ अश्वशक्ती, आणि तो सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. ओढायचं त्यांनीच, वळायचंही त्यांनीच. त्यामुळे पुढचा टायर जमिनीला कसा टेकतो यावरच या गाडीचा सगळा आनंद अवलंबून आहे.

मुलुंडला एलबीएस मार्गाजवळ एक अलाइनमेंटवाले काका आहेत. मशीनला हात लावण्याआधी त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि प्रत्येक चाक धरून हलवून पाहिलं. डाव्या लोअर आर्मचा बुश फाटला होता. "हा बदलल्याशिवाय आकडे घेऊन उपयोग नाही. आज जुळवलं तरी ब्रेक मारला की चाक पुन्हा सरकणार," ते म्हणाले. पार्ट मिळायला वेळ लागला. फियाटने इथला गाशा गुंडाळल्यापासून हे नेहमीचंच झालंय.

बुश बसल्यावर हवा भरली, चारही चाकांना टार्गेट लावले, गाडी पुढेमागे ढकलली. पडद्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, दिसला उणे अर्धा अंश. म्हणजे काहीच नाही. दोष होता टोमध्ये, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं कुठे वळली आहेत त्यात. पुढची दोन्ही चाकं २०-२० मिनिटं बाहेर तोंड करून होती. अंशाचा तिसरा हिस्सा ऐकायला किरकोळ वाटतो, पण गणित करून पाहा: गाडी सरळ एक किलोमीटर जाते तेव्हा असा टायर जवळपास सहा मीटर आडवा घासला जातो. अंधेरीला जाऊन मुलुंडला परत यायचं तर तीच घासणी दोनशे मीटरच्या आसपास जाते. रबर टिकणार कसं?

कॅम्बर मात्र मला वाढवून हवा होता, आणि यावर काकांशी बराच वाद झाला. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. वळणावर बॉडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. आधीपासून आत झुकवून ठेवलं तर ऐन वळणात तो सपाट बसतो. कंपनीने पुढे कॅम्बर बदलायची सोय दिलेली नाही. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा काढून तिथे कॅम्बर बोल्ट घालावा लागतो. काकांचं म्हणणं, रोजच्या गाडीला हे कशाला? मी म्हटलं, "काका, टो शून्यावर आणून द्या, मग दीड अंश कॅम्बरने टायर किती खातो ते मी मोजून दाखवते."

त्यांनी मन लावून काम केलं. कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतोच. टाय रॉडचे लॉक नट आवळताना आकडा दोन मिनिटं सरकला, तर त्यांनी ते पुन्हा सैल केले. पडद्यावर तेव्हाही हिरवंच होतं. हिरव्यावर न थांबणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

तळेगावजवळच्या नानोली स्पीडवेवर गाडी नेण्याआधी टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढल्या. पूर्वी बाहेरच्या बाजूने खडू पार खालपर्यंत पुसला जाई. या वेळी तो खांद्याच्या कडेशीच थांबला. वळणात शिरताना गाडीचं नाक बाहेर पळत नव्हतं, आणि वळण संपायच्या आधीच ॲक्सिलरेटर देता येत होता. इंजिनला हात न लावता एवढा फरक पडतो हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पण मुंबईत हे आकडे टिकत नाहीत. साकीनाक्याचे खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पुलांच्या सांध्यांवरचे दणके. एक जोराचा दणका आणि टो गेला. म्हणून गणपती झाले, पाऊस ओसरला की मी गाडी काकांकडे नेतेच. यंदा बदललेल्या पुढच्या टायरांच्या खाचांची खोली मोजली तेव्हा आत ५.४ मिलिमीटर भरली, बाहेर ५.८. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, म्हणजे अजून भरपूर आयुष्य आहे. काकांनी आकडे वहीत लिहून घेतले आणि मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. तिथे टो थोडा जास्त आहे. मागे टॉर्शन बीम असल्याने पाना फिरवून तो बदलत नाही. हब उतरवून मागे निमुळती शिम घालावी लागते. शिम मिळाली की दिवाळीआधी ते काम करून घ्यायचं ठरलंय.