मुंबईने आम्हाला काय दिले, काय नाकारले?

गावात जात सांगावी लागत नव्हती, घर कुठे आहे यावरूनच ती कळायची. म्हणून आमचे आजोबा मुंबईला आले. गिरणीत रोख पगार मिळाला, गावकीच्या कामातून सुटका झाली. १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणारी आमची पोरं सकाळच्या वर्गात बसू लागली. हे ऋण आम्ही मान्य करतो.

पण जातही त्याच गाडीने मुंबईत उतरली. गिरणीत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. का? तर धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला विटाळ होई! ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आमची दहा माणसे गेली. आजही लोकलमध्ये खांद्याला खांदा लागतो तेव्हा कुणी जात विचारत नाही. भाड्याचे घर बघायला गेलो की मात्र आधी आडनाव विचारतात.

म्हणून गावाकडे परत जायचे का? मुळीच नाही. मित्रांनो, आडनाव ऐकून घर नाकारले तर निमूटपणे दुसरी इमारत शोधू नका. चारचौघांत कारण विचारा. विणकाम खात्याचे दारही बाबासाहेबांनी प्रश्न विचारूनच ठोठावले होते.

जय भीम!