पिशवीत मावणारं मशीन

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून जरा आत आमचं छोटं प्रसूतिगृह. खाली ओपीडी नि सोनोग्राफीची खोली, वर खाटा. लिफ्ट नाही. रात्री एखादीला रक्त जायला लागलं की तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणायचं. म्हणून उचलून वर नेता येईल असं दुसरं मशीन घ्यायचं ठरवलं.

डीलरच्या ऑफिसात पोऱ्यानं बॅगेतून मशीन काढलं. लॅपटॉपएवढं, आत बॅटरी. ते पाहिलं आणि मी खाटा विसरलेच. मला बीडकडचं आमचं गाव दिसलं. थोरली वहिनी सातव्या महिन्यात जीपमध्येच गेली. वार खाली होती. महिनाभर आधी कुणी पोटावर प्रोब ठेवला असता तर कळलं असतं. मनात आलं, रविवारी हे डिकीत टाकून गावी जावं, पाराशेजारी खाट टाकावी नि सगळ्या पोटुशा बाया तपासाव्यात.

पोऱ्यानं कानाला हात लावला. “मॅडम, तसलं बोलूसुद्धा नका.”

नियम मला ठाऊक होताच. 2012 पासून असलं मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठी वापरायचं. फिरत्या दवाखान्याला मुभा आहे, पण तिथं इतर आरोग्यसेवाही हव्यात. एकटी बाई, एक मशीन, एक गाडी हे बसत नाही. नोंदणीचा दाखला दाखवल्याशिवाय विक्रीही नाही. राग आला. सोडवणाऱ्यालाच बांधून ठेवल्यासारखं वाटलं.

रात्री आत्याला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ बोललीच नाही.

“अगं पोरी, तसली गाडी येत होती की इकडं मागं. डॉक्टर उतरायचा, अर्ध्या तासात जायचा. मग त्या दोन वर्षांत गावात किती पोरींची बारशी जेवलो, आठव बरं.”

मला एकच आठवलं.

2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली होत्या आणि आमच्या बीड जिल्ह्यात 807. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानंच, 1988 साली. पाटी आमच्याही भिंतीवर आहे. पण आकडा वाचणं वेगळं नि बारशी मोजणं वेगळं.

मशीन घेतलंच, वरच्या खाटांसाठी. सर्वांत हलकं नाही घेतलं. प्रात्यक्षिकाला गरोदर बाई घ्यायची नव्हती, तेव्हा मी माझंच पोट पुढं केलं. स्वस्तातल्या मशीनवर मूत्रपिंडाची कड पुसट दिसली. वारेची खालची कड शोधायची तर तिथंच चुकून चालत नाही. थोडं जड, पण चित्र स्वच्छ, असं निवडलं. नोंदणीत त्याचा नंबर चढेपर्यंत ते खोक्यातच राहिलं.

ज्येष्ठात पालखी आमच्या रस्त्यानं गेली, त्यानंतरच्या आठवड्यात आत्या धाकट्या सुनेला घेऊन एसटीनं आली. सहावा महिना, रस्ताभर उलट्या. ती काही दाखल पेशंट नव्हती, त्यामुळं नवं मशीन वरच राहिलं. खालच्या जुन्या मशीनवर घेतलं. फॉर्म एफ भरला, सही घेतली. आत्या पडद्याकडं पाठ करून बसली होती.

“वार कुठंय तेवढं सांग,” म्हणाली.

“वर आहे, आत्या. चांगली वर.”

“मग चहा टाक.”